आयव्हीच्या बाजूची काच

वाळवंटातून आलेली गाडी आणि माहेरी रुसून आलेली लेक, दोघींना आल्या आल्या काही विचारू नये, आधी पाणी द्यावं. वाळवंटाच्या काठच्या क्वॉर्न गावच्या मेकॅनिक क्लेम फिट्झनरने चव्वेचाळीस वर्षं हाच नेम पाळला. गाडी दारात आली की आधी पोटाखालून पाण्याचा फवारा. मग रेडिएटरच्या जाळीत अडकलेलं गवताचं बी विणकामाच्या सुईने एकेक करून काढायचं, हवेचा फिल्टर आपटायचा, चाकांच्या बेअरिंगमध्ये नवं ग्रीस भरायचं. तांबडी धूळ पावडरीसारखी बारीक. ती कुठे शिरत नाही ते विचारा. क्लेमच्या सँडविचमध्येसुद्धा असायची.

शेवटी बोल्ट. बोल्ट आवळला की त्याच्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, म्हणजे कुठला आवळला, कुठला राहिला ते कळतं. नेलपॉलिश अर्थातच बायकोचं. आयव्ही उपड्या बादलीवर बसून यादी वाचायची.

"पुढचं डावं चाक?"

"आवळलं."

"ठिपका?"

"दिला गं बाई!"

"माझ्यापेक्षा तुझी गाडीच जास्त नटते," ती म्हणायची.

दर हिवाळ्यात दोघं आपली जुनी फोर-व्हील घेऊन वाळवंटात जायची. शेवटची दोन वर्षं क्लेमची नजर अधू झाली, म्हणून गाडी आयव्ही चालवायची आणि क्लेम शेजारी बसून तोंड चालवायचा. भांडण मात्र ठरलेलं. तिकडच्या रस्त्यावर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं, झाला रामराम. आयव्हीला एक बोट पुरत नसे. ती काच खाली करून अख्खा हात बाहेर काढायची, आणि समोरची गाडी धुळीचा लोट उडवत असायची नेमकी तेव्हाच.

"अगं, काच! काच लाव!"

"दोन दिवसांत पहिलं माणूस दिसलंय, क्लेम. एका बोटावर कसं भागवू?"

गेल्या हिवाळ्यात, परतीच्या वाटेवर, तिने असाच हात केला आणि काच पुन्हा पूर्ण वर येईना. चार बोटं उघडी राहिली ती राहिलीच. क्लेम भडकला. "खा आता धूळ! शंभरदा सांगितलं, दारात धूळ जाते, काच अडकते. सगळं त्या तुझ्या हातापायी!" एकशे ऐंशी किलोमीटर दोघं गप्प. भुवयांपर्यंत तांबडी होऊन तिने गाडी घरी आणली आणि किल्ली टेबलावर ठेवली. नंतर बोलणं झालं, चहाचं, पत्रांचं, मांजराचं. काचेचा विषय निघाला नाही. सहा आठवड्यांनी, कपडे वाळत घालताना ती खाली बसली आणि उठली नाही.

तेव्हापासून गाडी शेडमध्ये. गावच्या सगळ्या गाड्या धुऊन झाल्या, हिला क्लेमने हात लावला नाही. काच चार बोटं उघडी.

आता लिअन, त्यांची लेक, शनिवारी गाडी ॲडलेडला न्यायला येणार होती. क्लेमचा परवाना डॉक्टरांनी कधीच काढून घेतला होता. फोनवर तिने एवढंच म्हटलं, "बाबा, निदान काच तेवढी लावून ठेवा. माझ्या पोराला दमा आहे."

शुक्रवारी सकाळी क्लेमने आयव्हीच्या बाजूचं दार खोललं. आतलं आवरण निघताच ओंजळभर तांबडी धूळ त्याच्या बुटांवर सांडली. "बघ," तो सवयीने म्हणाला, आणि बादलीकडे मान वळवली. बादली उपडीच होती.

त्याने आत हात घातला. डोळे अधू झाले तरी बोटं शाबूत होती. काच ज्या खाचेतून सरकते ती खाच त्याने बोटाने पुसली. धूळ होती, पण मोकळी, काच अडवेल अशी नव्हती. काच उचलणारी पट्टी एका बाजूने सुटून लोंबत होती. तिचे तीन बोल्ट त्याने चाचपले. पहिल्यावर नेलपॉलिशचा गुळगुळीत फुगवटा. दुसऱ्यावरही. तिसरा जागेवर नव्हता. तो दाराच्या तळाशी धुळीत सापडला.

क्लेमने अंगठा फिरवला, मग उन्हात जाऊन डोळ्याजवळ धरला. बोल्ट कोरा होता.

गेल्या हिवाळ्यात प्रवासाला निघण्याआधी हे दार त्यानेच खोललं होतं. आयव्हीने यादीतून विचारलं होतं, "काचेची पट्टी? ठिपका?" आणि त्याने न बघता, खरं तर न दिसता, म्हटलं होतं, "दिला गं बाई."

तो बादलीशेजारी जमिनीवर बसला. बादलीवर बसायचं काही त्याच्याने होईना.

दुपारी त्याने बोल्ट आवळला. बाटलीतलं नेलपॉलिश वाळून दगड झालं होतं. त्यात दोन थेंब थिनर टाकून, काडीने ढवळून त्याने ठिपका दिला. जरा मोठाच पडला.

शनिवारी लिअनने काच वर-खाली करून पाहिली. "झकास! आईने हात काढून काढून वाट लावली होती ना हिची?"

"नाही," क्लेम म्हणाला. "बोल्ट मी आवळला नव्हता."

"मग तिला सांगितलंत?"

क्लेमने हातातल्या फडक्याने आधीच चकचकीत असलेला आरसा पुसला.

लिअनने त्याचा गाल हलकेच थोपटला आणि गाडी काढली. फाटकाबाहेर पडताना तिने काच पार खाली केली आणि अख्खा हात बाहेर काढला. मागून धुळीचा लोट उठला. "काच!" क्लेमच्या तोंडात शब्द आला होता. त्याने तो गिळला आणि हात वर केला, अख्खा. गाडी दिसेनाशी झाली, म्हणजे त्याच्या डोळ्यांना, कोपऱ्यावरच. हात वरच राहिला.