भोंग्याचा शब्द

देवाने त्याला शेत दिलं बेताचं, पण गळा दिला दोन माणसांचा. बांधावरून हाक मारली की पलीकडच्या वस्तीतली माणसं ओ द्यायची. गावाने त्याचं नाव ठेवलं भोंगा. ते असं चिकटलं की बायकोच्या माहेरचेसुद्धा 'आमचे भोंगा जावई' म्हणायला लागले. तो रागवायचा नाही. पोस्टमनने पाकिटावरचं खरं नाव वाचलं, की क्षणभर त्यालाच वाटायचं, हा कोण बुवा?

हा गळा त्याने पक्षाला वाहिला होता. वडील त्या पक्षाचे, म्हणून तोही. निवडणूक आली की जीपवर कर्णे बांधले जायचे आणि पुढच्या सीटवर माइक घेऊन भोंगा बसायचा. पैसे घ्यायचा नाही, चहा तेवढा दोनदा लागायचा. साहेब, म्हणजे त्या भागातून निवडून जाणारे पुढारी, भर सभेत त्याला "काय रे भोंग्या" म्हणायचे आणि ते तो घरी आठवडाभर सांगत बसायचा.

"मी दिवसातून वीसदा हाक मारते," बायको म्हणायची, "तिचं कधी कौतुक नाही ते!"

यंदा लसूण असा आला होता की दृष्ट लागावी. त्याचं आणि चुलतभावाचं शेत शेजारी, कोठार सामायिक, दाराला कडीही एकच. दोघांनी मिळून पात सुकवली, मुळं छाटली, जाळीच्या गोण्या भरल्या आणि मधून वारा खेळेल अशा बेताने थर लावले. चुलतभावाकडे तर व्यापारी ट्रक घेऊनही आला. भाव बरा होता.

नेमकी त्याच आठवड्यात साहेबांची सभा झाली. बाहेरच्या देशांतून येणाऱ्या लसणावर सरकार जबर कर बसवणार, मग आपल्या मालाला सोन्याचा भाव, असं साहेब बोलले. "घाई करू नका. सरकार आपलं आहे." भोंग्याला एवढं पुरे होतं. जीप घेऊन तो गल्ली-बोळ ओरडत फिरला, "लसूण विकू नका! महिनाभर कळ काढा!" शेवटी चुलतभावाच्या दारात उतरला आणि माइक न घेता म्हणाला, "ट्रक परत पाठव. माझा शब्द आहे."

"तुझा, का साहेबांचा?"

"एकच की रे!"

ट्रक रिकामा गेला.

कर काही बसला नाही. शहरात लसूण महागला म्हणून ओरड झाली, मोर्चे निघाले, आणि सरकारने होता तो करही काढून टाकला. बंदराला जहाजं लागली. एके दिवशी बायकोने किराणा दुकानातून येताना त्या बाहेरच्या लसणाचा एक गड्डा आणून ओट्यावर ठेवला. पांढराफेक, मुळं तळाशी चट्ट कापलेली, पाकळ्या अंगठ्याएवढ्या. दुकानदाराने हसत हसत फुकट दिला होता, 'भोंग्याला दाखवा' म्हणून. तिने तो सोलून फोडणीत टाकला.

"वास तरी येतोय का?" त्याने विचारलं.

"नाही." मग तिला राहवलं नाही. "पण साल पटकन निघाली हो."

व्यापारी फोन उचलेनात. कोठारात ऊब धरली. आधी कडेच्या दोन गोण्यांत, मग जिथे बघावं तिथे जाळीतून हिरवे कोंब डोकावायला लागले. दोघे भाऊ समोरासमोर बसून निवडत होते. दाबून बघावं तर पाकळी आत पोचट. चुलतभावाने एक गड्डा उचलून त्याच्यासमोर धरला.

"घे. तुझ्या शब्दाला कोंब फुटलाय."

त्यानंतर तो भोंग्याशी बोलेनासा झाला. कोठारात मधोमध पत्रा उभा केला आणि आपल्या बाजूला वेगळं दार पाडलं.

भोंगा साहेबांकडे गेला. दोन तास बाकावर बसला. साहेब बाहेर पडता पडता थांबले.

"शहरात मतं किती आणि आपल्याकडे किती, तूच सांग. सरकार टिकलं तर पुढचं बघू."

"साहेब, मी तुमचं नाव घेऊन लोकांना थांबवलं."

"बरोबरच केलंस. तेव्हा तसंच ठरलं होतं."

साहेब खोटंही बोलले नव्हते. रागवायचं तर कशाला धरून रागवायचं, हे भोंग्याला कळेना. मग दुसऱ्या पक्षाचा माणूस घरी आला, "आमच्याकडे या" म्हणून. भोंग्याने त्याला एकच विचारलं, "तुम्ही बाहेरचा माल थांबवाल?" तो म्हणाला, "अभ्यास करून सांगतो." पाणी पिऊन गेला.

पुन्हा निवडणूक आली. जीप दारात थांबली, पण या खेपेला भोंगा बाहेर आला नाही. उंबऱ्यातूनच म्हणाला, "यंदा मी येणार नाही." त्याच्या हातात तेवढंच उरलं होतं. आणि ते चुलतभावाने बघावं, एवढीच त्याची इच्छा होती. जीपवाला वर्षानुवर्षांचा ओळखीचा. वाद न घालता "बरं" म्हणून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा अंगणात उरलासुरला लसूण पसरत होता. रस्त्यावरून आवाज आला, "बंधूंनो आणि भगिनींनो! शेतकऱ्याचं सरकार! आपलं सरकार!" बायको हात पुसत धावत आली. तिने रस्त्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. तो तोंड मिटून उभा होता. आवाज त्याचाच होता, मागच्या निवडणुकीतला, मधल्या खोकल्यासकट.

तो पळत जाऊन जीपपुढे उभा राहिला.

"बंद कर! तो माझा आवाज आहे."

"म्हणून तर लावलाय, दादा. लोकांना सवय आहे."

"मी नाही म्हणालो होतो!"

"तुम्ही यायला नाही म्हणालात. आवाजाचं कुठे काय बोललात?"

जीप वळसा घालून पुढे गेली. बायको मागे येऊन उभी राहिली. "जाऊ द्या. तुम्ही गेला नाहीत हे देवाला ठाऊक आहे."

"देव शेजारी राहत नाही," तो म्हणाला आणि थेट चुलतभावाच्या दारात गेला. चुलतभाऊ पायरीवर विळ्याला धार लावत होता.

"मी घरीच होतो रे. ते रेकॉर्ड लावलंय त्यांनी."

त्याने मान वर केली नाही. "आवाज तुझाच ना?"

"आवाज माझा, पण…"

"मग झालं तर."

भोंगा पुढेही बरंच बोलत होता. पण जीप फिरून त्याच गल्लीत आली होती, आणि कर्ण्यापुढे त्याचं काहीच ऐकू येईना. चुलतभावाने विळा उचलला, आत गेला आणि दार लावून घेतलं.