भाऊ, तुम्ही बाहेर बसा

सातवीत शाळा सुटली, लग्न झालं आणि मी हिंगोलीकडून नाशकात आले. इथं माझं म्हणावं असं कुणी नव्हतं. वर्षाच्या आत ओटीपोट दुखायला लागलं, अंगावरून पांढरं जायला लागलं. मालक मला सातपूरला एका दवाखान्यात न्यायचे. डॉक्टर विचारायचे मला, उत्तर द्यायचे हे. "काही नाही हो, खातच नाही नीट." मी पदराचं टोक पिळत बसायची. गोळ्या मिळायच्या, फक्त मला. थोडं बरं वाटायचं, पुन्हा तेच. किती तरी वर्षं असं चाललं.

मग मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टरबाई भेटल्या. मी बसते न बसते तोच म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही बाहेर बसा."

"मी नवरा आहे हो तिचा!"

"म्हणूनच. कॅन्टीनचा चहा बरा असतो, घ्या जाऊन."

दार लावून त्यांनी इतक्या सरळ विचारलं की आईलाही न सांगितलेलं मी बोलून गेले. तपासणीत कळलं, आजार दोघांनाही होता. एकटीनं औषध घेतलं की तो परत यायचा. या वेळी दोघांनी घेतलं, दुखणं गेलं. पण माझ्या नळ्या बंद झाल्या होत्या. मूल होणार नव्हतं. बाईंचे उपकार मी विसरत नाही. आधी भेटला असतात तर, हे मात्र त्यांना अजून विचारलेलं नाही. उत्तराची भीती वाटते.

बाई आता नव्या डॉक्टरांना हेच शिकवतात. हे शिकल्याशिवाय कुणाची नोंदणी पुढे चालू राहू नये, असा नियम व्हावा म्हणून वर अर्ज करतात. मध्यंतरी मला म्हणाल्या, "खोटी खोटी पेशंट होशील?" शिकाऊ डॉक्टरांच्या वर्गात माझा नवरा म्हणून वॉर्डबॉय बसवला. तो रंगात आलेला. "माझ्या बायकोला काय झालंय, साहेब? घोड्यासारखी आहे!" सगळे हसले.

एका शिकाऊ डॉक्टरनं विचारलं, "ताई, काय त्रास होतो?"

उत्तर पाठ होतं, पण तोंडच उघडेना. हात आपोआप पदराकडे गेला.

"विसरल्या वाटतं," कुणीतरी म्हणालं.

"ती नाही," बाई मागून त्या विचारणाऱ्या पोराला म्हणाल्या, "तू विसरलास."

पोरगा लाल झाला. वॉर्डबॉयला बाहेर बसवून त्यानं दार लावलं. मग मी बोलले, सगळं, बाईंनी शिकवलं होतं तसं.

"मुलं?"

"एक मुलगी." तेही पाठच होतं.

"शाळेत जाते?"

हे बाईंनी सांगितलेलं नव्हतं.

"जाते की," मी म्हणाले. "सातवीच्या पुढं शिकवणार आहे तिला."