लंडनचं ठरेपर्यंत

चाकणला आमचं एक शेड होतं. होतं म्हणतो, कारण आता तिथे पाण्याच्या जारचा धंदा चालतो. पत्रा दाबायचे तीन प्रेस, आठ कामगार आणि दोन भागीदार एवढा आमचा संसार. एक भागीदार मी, लातूरकडून आलेला, मोठ्या कंपनीतली परमनंट नोकरी सोडून या उद्योगात पडलेला. दुसरा पुनावळ्याचा, जुन्या शेतकरी घरातला. त्याच्या वावरात आता इमारती उभ्या आहेत आणि तो फॉर्च्युनरमधून फिरतो. मशीन, माल आणि माणसं माझ्याकडे होती, तर कस्टमर, बँक आणि गोड बोलणं त्याच्याकडे. गोड बोलण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या चाकणमध्ये नव्हता, आणि मला त्याचा अभिमान होता. मूर्ख माणसाला कशाचाही अभिमान वाटतो.

एका इंग्लिश गाडीच्या पोटाखाली पाइप धरून ठेवणारी लोखंडी पट्टी आम्ही दाबून काढायचो. आमच्याकडून ती चाकणच्याच एका मोठ्या कंपनीत जायची आणि तिथून बोटीने इंग्लंडला. इंग्लंड मी पाहिलेलं नाही, ती गाडीसुद्धा फोटोतच पाहिली. पण तिच्या पोटाखाली आपला माल आहे, हे सासुरवाडीत सांगायला बरं वाटायचं.

इंग्लंड युरोपच्या बाजारातून बाहेर पडणार हे तिकडच्या लोकांनी मतं देऊन ठरवलं होतं. कसं बाहेर पडायचं, ते मात्र ठरत नव्हतं. २०१९ सुरू झालं तेव्हा मोठ्या कंपनीचा निरोप आला: मार्चअखेर ते बाहेर पडतील, मग बंदरात माल अडकेल, त्याआधी होईल तेवढा दाबून द्या. आमच्या एमआयडीसीत आठवड्याची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. त्या दिवसांत आम्ही गुरुवारही सोडले नाहीत. माणसं कंटाळली, पण मी शब्द टाकला की थांबायची.

मार्च संपला आणि ते बाहेर पडलेच नाहीत. मग एप्रिल म्हणाले, नंतर थेट ऑक्टोबर. तिकडची गोदामं आमच्या पट्ट्यांनी भरून गेली आणि इकडचं काम ठप्प झालं. लहानपणी आम्ही तळ्यात-मळ्यात खेळायचो, त्यात निदान चुकलेला गडी बाद तरी व्हायचा. इथे सगळे चुकत होते आणि बाद होत होतो आम्ही.

आता गुरुवारला काही अर्थ उरला नव्हता, सगळेच वार सारखे. तरी भागीदार दर गुरुवारी मला थेरगावातून, डांगे चौकातून गाडीत घ्यायचा आणि आम्ही दोघं बंद शेडमध्ये जाऊन बसायचो. सोबत वडापाव असायचे. त्याच्या मोबाइलवर लंडनच्या पार्लमेंटचे जुने-नवे व्हिडिओ बघायचे हा आमचा कार्यक्रम. करार मांडायचे, पडायचा. पुन्हा मांडायचे, पुन्हा पडायचा. एकदा तर आठ वेगवेगळे पर्याय मतदानाला ठेवले आणि आठही पाडले. कराराशिवाय निघायचं नाही, करारही मान्य नाही आणि निघायचं तर आहेच. माझ्या चुलत्यांनी बांधाच्या वादात असाच घोळ घातला होता, पण ते निदान इंग्रजीत भांडत नव्हते.

त्या सभागृहाचा अध्यक्ष मोठमोठ्याने "ऑर्डर, ऑर्डर" ओरडायचा. भागीदार वडापाव खाता खाता म्हणायचा, "ह्यो बघ राव, कवापास्नं ऑर्डर ऑर्डर वरडतोय. देत कुनीच न्हाई." आम्ही पोट धरून हसायचो. त्याच्याइतका मला हसवणारा माणूस या शहरात दुसरा मिळाला नाही, हे आजही खरं आहे आणि त्याचाच जास्त राग येतो.

मे महिन्यात भोसरीहून काम चालून आलं. माझा जुन्या कंपनीतला एक सोबती दुचाकीचे स्टँड बनवायचा. त्याला वर्षभरासाठी दोन प्रेस आणि सगळी माणसं हवी होती. काम रुक्ष होतं, फायदाही बेताचा, पण शेड चालू राहणार होतं. माणसं तेव्हा चुळबुळायला लागली होती. महाळुंग्याला भरती आहे, तळेगावला भरती आहे, अशा गोष्टी माझ्या कानावर पडत होत्या. हाताशी तयार झालेली माणसं एकदा पांगली की पुन्हा गोळा होत नाहीत. शेड टिकणार की नाही ते त्या आठ जणांवर होतं, आणि शेड गेलं असतं तर चाळिशी ओलांडलेल्या मला पुन्हा परमनंट कोण करणार होतं?

मी भागीदाराला विचारलं. भागीदाराला विचारल्याशिवाय भिंतीत खिळाही ठोकायचा नाही, ही माझी पद्धत होती.

"थांब राव," तो म्हणाला. "लंडनचं ठरू दे. उद्या इंग्लिश काम परत आलं आन आपले प्रेस भोसरीवाल्याकडं अडकल्याले असले तर? नवीन मॉडेलची पट्टी बी आपल्यालाच मिळनार हाय. मी बोललोय वर."

मी भोसरीला नकार कळवला. बायको चपात्या लाटत होती, ती लाटणं न थांबवता म्हणाली, "हातचं सोडून पळत्याच्या मागं लागायलाव तुमी."

"तो बोललाय वर," मी म्हणालो.

"वर म्हंजे कुठं? देवाशी का?"

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गेलो आणि आठही जणांना बसवून सांगितलं, कुठे जाऊ नका, आपलं काम परत येणार आहे, फक्त लंडनचं ठरायचंय. ते थांबले. कोणी शेजारच्या शेडमध्ये रोजावर जायचा, कोणी रिक्षा चालवायचा, पण मला विचारून, आणि संध्याकाळी येऊन तोंड दाखवायचा. एक दोघांना बाहेर चांगल्या नोकऱ्या लागत होत्या. त्यांनाही मी थोपवलं.

आता डायचं सांगायला हवं. डाय म्हणजे प्रेसमध्ये बसवायचा जड पोलादी साचा, ज्यात पत्रा दाबला की पट्टी बाहेर पडते. डायची मालकी कस्टमरची असते, आमच्याकडे ती फक्त नांदायला येते. ज्याच्या शेडमध्ये डाय, त्याचं काम, हा या पट्ट्यातला न लिहिलेला कायदा आहे. कस्टमरचं मन बदललं की पत्र वगैरे येत नाही, डाय उचलली जाते. म्हणून शेडवाला डायला लेकीपेक्षा जपतो. खंडेनवमीला झेंडूची पहिली माळ आम्ही डायला घालायचो, नंतर मशीनला.

जूनमधल्या एका गुरुवारी भागीदार टेम्पो घेऊनच आला. म्हणाला, "कंपनी म्हनती, ऑक्टोबरपातूर काम न्हाई तर डाया पॉलिशला लावून द्या. गंज खातील." यात वावगं काही नव्हतं. पॉलिशला डाया जातात आणि परत येतात, वर्षाकाठी एकदा तरी हे चालायचंच. सुट्टीच्या दिवशी का, असं विचारायला हवं होतं, पण आमचे सगळेच दिवस सुट्टीचे झाले होते. मी स्वतः तीनही डायांना तेल लावलं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळल्या, चेनब्लॉकने उचलून टेम्पोत ठेवल्या आणि हलू नयेत म्हणून खाली लाकडाचे ठोकळे लावले. ड्रायव्हरला म्हणालो, "जाऊ दे."

"जाऊ दे म्हनू न्हाई, राव," भागीदार म्हणाला. "येऊ दे म्हनावं."

मला ते आवडलं. जुन्या घरातलं वळण आहे, असं मनात आलं. मी पुढे होऊन टेम्पोच्या फाळक्यावर थाप मारली आणि म्हणालो, "येऊ दे."

जुलैत माणसं गळायला लागली. एकाला गावी जायचं होतं, एकाची पाठ धरली होती, एकाच्या मेव्हण्याने दुकान काढलं होतं. निरोप फोनवर यायचे, समोर कोणी येत नव्हतं. मी भागीदाराला सांगितलं, तर तो म्हणाला, कामगारांची जातच तशी, आपन किती बी करा. गुरुवारी येणंही त्याने कमी केलं. पार्लमेंटात तेव्हा नवा पंतप्रधान आला होता आणि पुन्हा पहिल्यापासून तोच तमाशा सुरू होता. तो मी एकट्याने बघितला. एकट्याने बघताना त्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही.

ऑगस्टमध्ये मी काम मागायला महाळुंग्याकडे निघालो होतो. आतल्या रस्त्याला एका नव्या शेडसमोरून जाताना गाडी हळू केली, कारण आतून आवाज येत होता. प्रेसचा आवाज सगळीकडे असतो, पण प्रत्येक डाय आपल्या ठेक्यात पडते, आणि आमच्या मधल्या डायला पट्टी सोडताना एक जादाचा खटका होता. तो खटका मी पाच वर्षं ऐकला होता. गाडी लावून शटरखालून वाकून आत गेलो.

आतमध्ये आमच्या तीनही डाया चालू होत्या आणि माझे सहा कामगार त्यांच्यावर उभे होते. भरलेल्या पेट्यांवर इंग्लंडचा पत्ता नव्हता. युरोपातल्या दुसऱ्या कुठल्याशा देशाचा होता, नीट वाचताही येईना. पट्टी तीच, गाडी तीच, फक्त ती आता वेगळ्या देशात जोडली जात होती. पार्लमेंटात मतं पडत होती आणि गाडीवाले केव्हाच उठून गेले होते.

सगळ्यात जुन्या कामगाराने मला पाहिलं आणि प्रेस थांबवला. हात पुसत पुढे आला. "भाऊ, तुमाला ठाऊक हाय म्हणले की ते. बाकी दोघांना कळू नये म्हणून फोनवर तसं सांगा म्हणले," एवढंच बोलला. त्याचा चेहरा बघून मला कळलं की त्यालाही फसवलंय. त्याच्यावर चिडावं असं काही उरलं नाही. मी बाहेर आलो, गाडीला किक मारली आणि घरी येईपर्यंत कुठे थांबलो नाही. काम मागायला निघालो होतो, हे घरी पोचल्यावर आठवलं.

बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता पळत्याची म्हण पुन्हा ऐकायला मिळणार. ती म्हणाली, "केसानं गळा कापला मेल्यानं," आणि रडली. मी रडलो नाही. मला त्याला मारावंसं वाटत होतं, आणि त्याहून जास्त, तो समोर यावा आणि म्हणावा की काहीतरी गैरसमज झालाय राव.

तो आला. लपणारा माणूस नव्हताच तो. दोन दिवसांनी थेरगावच्या घरी आला, बूट दाराबाहेर काढले, नेहमीच्या खुर्चीत बसला. बायको आत गेली ती बाहेर आलीच नाही, पाणीही दिलं नाही.

"शेड कोणाचं?" मी विचारलं.

"मेव्हन्याच्या नावावर हाय. माझंच समज."

"कधी ठरवलंस?"

"मार्चातच." जराही अडखळला नाही. "मार्चअखेर कंपनीनं मला बोलावलं व्हतं. गाडीवाले म्हनले, ह्यांचं काय ठरत न्हाई, आमी दुसऱ्या देशात गाडी जोडतो. कंपनीला मोठं शेड पायजे व्हतं. आपल्यात त्यो माल मावला नसता, भावा."

मार्चअखेर. म्हणजे ते सगळे गुरुवार, तो मोबाइल, ते हसणं त्यानंतरचं होतं. मी म्हणालो, "बरं, तू गेलास. जाणारा जातो. पण मग मला भोसरीचं काम का घेऊ दिलं नाहीस? मला का थांबवलंस?"

तो माझ्याकडे बघत राहिला, मला एवढं साधं कसं कळत नाही अशा नजरेने.

"शेड हुबं राह्याला येळ लागनार व्हता. तू भोसरीचं घेतलं असतंस तर मानसं तिकडं अडकली असती. न्हाईतर पांगली असती. तयार मानसं मी कुठून आनायची? तवर कुनीतरी त्यांना धरून ठेवायला पायजे व्हतं."

रोज संध्याकाळी शेडमध्ये उभं राहून मी जे बोललो होतो, ते आठवत होतं. जाऊ नका. थांबा. माझ्यावर विश्वास ठेवा.

तो उठला, दारात जाऊन बूट चढवले. वाकलेला असतानाच म्हणाला, "रागावू नगंस. माझ्या शब्दावर कोन थांबलं असतं? तुझ्या शब्दावर थांबली ती."

हे तो माझं कौतुक म्हणून बोलला.