माहेरचं आडनाव

लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहितात तेव्हा पुष्कळ मुलींना रडू येतं. मला हसू आलं. नवं आडनाव बघून मी मनात म्हटलं, सुटले एकदाची!

माझं माहेर मुरगूडच्या बाजूचं. शेती होती, म्हशी होत्या, कशाला काही कमी नव्हतं. पण चौथीच्या इतिहासात एक सरदार महाराजांना दगा देऊन शत्रूला मिळतो, आणि त्याचं आडनाव नेमकं आमचं. मी चौथीत असताना गुरुजींनी तो धडा असा रंगवला, की अख्खा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला. वर्षभर पोरं मला ‘फितूर’ म्हणून हाक मारत. घरी सांगितलं तर आजोबा कडाडले, “तीनशे वर्सं झाली त्याला! आमी काय केलंय?” खरंच होतं, पण आजोबांना चौथीच्या वर्गात बसायचं नव्हतं.

आणि दैव बघा, डी.एड. करून शिवाजी पेठेतल्या शाळेत लागले ती चौथीवरच, इतिहास-भूगोल शिकवायला. भूगोल मी जीव ओतून शिकवायची. पंचगंगेला मिळणाऱ्या नद्या पोरं झोपेतही म्हणाली असती. इतिहासही बरा जमायचा, तो एक धडा सोडून. चोराच्या मनात चांदणं! तिथं आलं की ‘एक सरदार’ एवढंच म्हणून मी पुढं पळायची.

आणीबाणी उठली त्या वर्षी माझ्या वर्गात त्याच आडनावाची एक मुलगी आली. तिचे वडील संध्याकाळी दूध कट्ट्यावर म्हशी घेऊन यायचे, गिऱ्हाइकांसमोर धार काढून दूध विकायला. धड्याच्या दिवशी नेमका माझा घसा बसला होता, म्हणून एका मुलाला वाचायला उभं केलं. त्या पठ्ठ्यानं ते आडनाव खणखणीत वाचलं. वर्ग वळला, अगदी तसाच. मुलगी ताडकन उठली.

“बाई, ते आमी न्हवं की! सांगा की ह्यास्नी!”

मला एकच वाक्य बोलायचं होतं : माझंही माहेरचं आडनाव हेच आहे. बाईंना चिडवायची कुणाची छाती झाली असती? पण मी म्हणाले, “गप्प बसा. भूगोलाची पुस्तकं काढा.”

मुलगी शाळेत यायची बंद झाली. मग एक दिवस तिची आई तिला हाताला धरून घेऊन आली. बोलणं सुरू झालं, आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणं तिनं विचारलं, “बाई, माहेर कुठलं तुमचं?”

मी गाव सांगितलं.

“व्हय? तिकडं आमची भावकी हाय की! कुणाच्यातल्या तुमी?”

मी माझ्या मामांचं आडनाव सांगितलं. खोटं इतकं सहज तोंडातून आलं की माझी मलाच शरम वाटली. बापाला, आजोबांना एका शब्दात मोडीत काढलं होतं मी.

“मग तुमास्नी न्हाई कळायचं,” ती म्हणाली. “ज्याचं जळतं त्यालाच कळतं. निदान हजेरीला आडनाव घेऊ नगा, एवढं करा.”

तेवढं मी केलं. सगळ्यांची पूर्ण नावं घ्यायची आणि तिच्यापाशी आलं की वडिलांच्या नावावर थांबायचं. वर्गाच्या ते लगेच ध्यानात आलं. नाव अर्धं राहिलं की मागच्या बाकांवर खुसखुस. झाकायला गेले आणि जास्तच उघडं पडलं. तरी मी तसंच चालू ठेवलं, कारण त्यात माझीही सोय होती.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर एके सकाळी ती ‘हजर’ म्हणालीच नाही. उभी राहिली.

“बाई, माझं आडनाव ऱ्हायलं.”

“अगं, आईनंच सांगितलंय ना...”

“आईनं सांगितलंय. मी न्हाय.”

मी पूर्ण नाव घेतलं. “हजर,” म्हणून ती खाली बसली. कुणी हसलं नाही. मी मात्र पुढची नावं मान खाली घालूनच घेतली.

तिचं म्हणून ते आडनाव मी त्यानंतर रोज घेतलं. माझं म्हणून वर्गात कधीच घेतलं नाही. आणि आता एवढं सगळं लिहिलं, तरी ते इथंही लिहिलेलं नाही.