फरशीवरचं धान्य

“हे कुणी भरलं?” सर दारातूनच ओरडले.

माझ्या मांडीवर सूप होतं आणि मी शेवटची मूठभर मटकी निवडत होते. ज्वारी, मटकी, मूग, हरभरा, चारही धान्यं आपापल्या डब्यांत गेली होती. फरशी पुसून झाली होती.

“मी,” मी म्हणाले. “उद्या घट बसायचेत. धान्य काय पायाखाली ठिवू?”

सरांच्या मागं माझी सून उभी होती. ती नुसती फरशीकडं बघत राहिली. तीन दिवस गुडघ्यांवर रांगून तिनं जे मांडलं होतं, ते मी तासाभरात उचललं होतं. ते त्याच दिवशी कागदावर उतरवून नारायणगावहून पुण्याला पाठवायचं होतं. गेलं नाही, तर तिथल्या सहा महिन्यांच्या शिक्षणाची तिची जागा गेली.

हे सर तुम्ही पाहिले नसतील, पण अशी माणसं पाहिली असतील. पुण्याला राहून येतात आणि मग गावाला शहाणं करायला निघतात. हे आमच्या खोडदचेच. पुण्यात कुठल्याशा प्रयोगशाळेत होते, तिथून सुटले आणि वर्ग काढला. विषयाचं नाव बायोइन्फर्मॅटिक्स, म्हणजे जिवांच्या रक्तातली अक्षरं संगणकावर जुळवून बघणं. सुनेनं ते मला लिहून दिलं होतं, म्हणून इथं बरोबर लिहिते आहे. गावाच्या कडेला तेव्हा आभाळाचं ऐकणाऱ्या त्या दुर्बिणीच्या मोठ्या तबकड्या उभ्या राहून बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे शिकलेल्या माणसाचं आम्हाला कौतुक राहिलं नव्हतं. वर्गाला जागा मात्र माझ्या घरात मिळाली. पूर्वी आमची मेंढरं होती तेव्हा लोकर ठेवायची ती लांब खोली.

मला तो माणूस आवडत नव्हता. आजही आवडत नाही. पेन कानावर, चप्पल दाराच्या मधोमध. माझ्या हातचा चहा रोज प्यायचे आणि रोज म्हणायचे, “पाणचट आहे, मावशी.” एकदा वीज अशी आली की संगणक जळाला. मी मनात म्हटलं, आता जातील. सर म्हणाले, “बरं झालं. आधी हाताला कळू द्या.”

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. “ओढून जुळवू नका, जागा सोडा.” पोरं ऐकून कंटाळली, एकेक करून गेली, टायपिंग शिकायला लागली. राहिली माझी सून. बी.एस्सी. होऊन आमच्या घरात आलेली.

पुण्याच्या संस्थेनं तिला एक गणित पाठवलं होतं. मेंढी, शेळी, गाय आणि म्हैस यांच्या रक्तातल्या एकाच गोष्टीच्या चार लांब ओळी. प्रत्येक ओळीत चारच अक्षरं, पुनःपुन्हा येणारी. त्या चार ओळी एकमेकींखाली अशा लावायच्या की सारखं सारख्याखाली यावं, आणि जिथं एखादीत कमी असेल तिथं मोकळी जागा सोडायची. वीज नव्हती आणि संगणक जळालेला. सरांनी माझ्याच कोठीतलं धान्य काढलं. एका अक्षराला एक धान्य, एका फरशीवर एक चिमूट. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चार ओळी. आणि नियम असा की पूर्ण जुळेपर्यंत कागदाला हात लावायचा नाही.

त्या नियमानं घात केला. पण ओरडा मला खावा लागला.

चिडले की सरांची पुण्याची भाषा गळून पडायची. “तुला सांगितलं व्हतं नं, हात लावू नको म्हून! काय अक्कल हाय का न्हाई, बाई?”

“तुझ्या बापाची खोली न्हाई ही,” मी म्हणाले.

सुनेनं कागद पिशवीत भरायला घेतले. “ऱ्हाऊ द्या, सर. आत्याबाईंना मला धाडायचंच नव्हतं.”

ते खोटं नव्हतं. ती गेली तर शेरडं कुणी बघायची, भाकरी कुणी थापायच्या, हे मी बोलून दाखवलं होतं. पण मी ते मुद्दाम केलं नव्हतं. घट बसायच्या आदल्या दिवशी फरशीवर विखुरलेलं धान्य दिसलं तर कोणती बाई सूप घेणार नाही? फार वाईट वाटलं असंही नाही. फक्त सुनेनं मला लबाड ठरवलं, ते मला सहन झालं नाही.

“नेमकं गेलं काय?” मी विचारलं.

“अक्षरं कागदावर हायेत,” सर कपाळ धरून बसले होते. “मोकळ्या फरश्या गेल्या. कुठल्या मोकळ्या व्हत्या, तेच तर उत्तर.”

“तेवढ्यासाठी बोंबलतोस व्हय?”

मी उठले. त्या खोलीच्या मागच्या दाराबाहेर आमची पाण्याची टाकी. तीन दिवस मी हंडा घेऊन त्या ओळी ओलांडत होते. धान्यावर पाय द्यायचा नाही, म्हणून मोकळी फरशी बघून पाऊल टाकायचं. जाताना एका वाटेनं, भरला हंडा घेऊन येताना दुसऱ्या. आता आधी हंड्याशिवायच चालून दाखवलं, तर पाय चुकायला लागले. मग डोक्यावर हंडा घेतला. मग बरोबर पडले.

सर माझ्यामागून खडूनं खुणा करत रांगत आले. म्हशीच्या ओळीशी अडले. “इथं न्हाई, मावशी. इथं जुळत न्हाई.”

“माझा पाय तिथंच पडायचा. तू जुळवून बघ.”

“माझं पाठ हाय—”

“सर,” सून म्हणाली. “काल दुपारी आपण तिथली एक मोकळी जागा सरकवली होती. आत्याबाईंचं बरोबर आहे.”

सरांनी खडू पुढं ओढला.  दोन जागा माझ्या वाटेवर नव्हत्या, त्या सुनेनं आठवून काढल्या. मग दोघं कागद घेऊन स्कूटरवरून नारायणगावला गेले. मला कुणी काही म्हणालं नाही. मी खडू पुसून काढला. दुसऱ्या दिवशी घट बसले.

सुनेला जागा मिळाली. सहा महिने शेरडं मी बघितली, आणि ते मी तिला दर पत्रात ऐकवलं. सर नवी पोरं घेऊन वर्ग चालवत राहिले. आता मात्र रोज संध्याकाळी फरशीवरचं कागदावर उतरवून घ्यायचे. एवढं एक ते माझ्याकडून शिकले. चहा पाणचट आहे, हे शेवटपर्यंत म्हणत राहिले.

त्या दुपारी खोलीत आम्ही तिघं होतो. सर पुढं कावीळ होऊन गेले. सून पुण्यात तेच शिकवते. मी इथं आहे.