पेंटरने बायकोवर ढकललेली चूक

किडन्या अधू झाल्या तरी पेंटरने पाट्या रंगवणं सोडलं नव्हतं. शाळेच्या फाटकावर त्याने 'विद्यालय'ऐवजी 'विद्याय' लिहिलं. लोक हसायला लागले, तसा तो शिडीवरूनच खाली उभ्या बायकोवर खेकसला, "तूच सांगितलंस ना असं?" तिला तर अक्षरओळखही नव्हती. ती रंगाचे डबे आवरत राहिली.

पुढे डॉक्टर म्हणाले, "या आजारात लक्ष उडू शकतं, आठवणही ढिली पडू शकते." चुकीला कारण सापडलं, बायकोवर खेकसण्याला नाही. पेंटरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चूक माझीच होती गं," तो घरी म्हणाला.

"मला तेव्हाच कळलं. तुम्ही घाबरला होतात."

आता तो आधी खडूने अक्षरं आखतो, लेकीकडून वाचून घेतो. बायकोशी बोलताना मात्र नजर अजून जमिनीवरच असते.