शून्य उतारूंचा घाट

वैनगंगेच्या काठच्या मोहघाट गावी १९७६ साली पूल झाला. त्या दिवशी टिकाराम नावाड्याने आपली नाव काठावर ओढून पालथी घातली आणि पुढल्या महिन्यापासून सरकारी मानधन बंद होणार, असे घरी सांगून टाकले. त्याचा अंदाज चुकला. सरकार कोणतीही गोष्ट सुरू करायला दहा वर्षे लावते, हे आपण सारेच सोसून जाणतो. पण सुरू झालेली गोष्ट बंद करायला त्याला त्याहून अधिक काळ लागतो, हे त्या भल्या माणसाला कुणी शिकवले नव्हते. महिन्याचे एकशे दहा रुपये येत राहिले. दर उन्हाळ्यात नावेसाठी डांबराचा डबा आणि दोराचे भेंडोळेही न चुकता येत राहिले.

टिकाराम चौथीपर्यंत शिकलेला. कचेरीने दिलेल्या उतारूंच्या वहीत तो रोज संध्याकाळी शून्य मांडी. सहा वर्षांत त्याने अशी दोन हजारांवर शून्ये मांडली, आणि कचेरीने महिन्यागणिक त्यांच्याखाली 'तपासले' असा शिक्का मारला.

त्याच गावच्या शाळेत चार वर्गांना मिळून एकच गुरुजी होते. दुसऱ्या गुरुजींसाठी अर्ज केला की उत्तर येई : निधी उपलब्ध नाही. अर्थसंकल्प तुटीचा आहे, खर्च मिळकतीबाहेर गेला आहे, उरलेले कर्जाने भागवायचे, असे गुरुजी वर्तमानपत्रातून वाचून दाखवीत. टिकाराम ऐकून घेई आणि मान खाली घाली.

१९८२ च्या पावसाळ्यानंतर कचेरीत कुणाची तरी नजर अखेर त्या शून्यांवर पडली. पत्र आले. उतारूंची संख्या घटली आहे, नाव जीर्ण झाल्यामुळे तसे झाले असावे, सबब नवी नाव व एक मदतनीस नावाडी मंजूर करण्याचे प्रस्तावित आहे, नावाड्याने सहीनिशी संमती कळवावी.

टिकारामचा जावई धनीराम तुमसरच्या राइस मिलमधून काम सुटल्यापासून बायकोसह सासुरवाडीलाच राहत होता. त्याने पत्र दोनदा वाचले आणि तिसऱ्यांदा सासूला, शकुनबाईला, मोठ्याने ऐकवले.

"मामाजी, करा न सही! मदतनीस म्हणून माह्यंच नाव लागन."

"अन् करशीन काय? पुलाखालून नाव नेऊन पुलावरच्या लोकायले हात दाखवशीन?"

"सरकारचा पैसा आहे. तुमच्या खिशातून जाऊन राहिला का?"

"माह्याच खिशातून जाऊन राहिला, बापू. आगपेटी घेतो, घासलेट घेतो, त्यात सरकारचा वाटा नाई का?"

शकुनबाई चुलीपासून उठून आली. "मोठे हरिश्चंद्र लागून गेले! जवाई घरी बसून आहे, पोरगी घरी बसून आहे, अन् तुमी दारात आलेली लक्ष्मी वापस धाडता?"

"शकुन," टिकाराम म्हणाला, "चौदा वर्षं नाव वल्हवली, त्याच पैशानं घर चाललं, पोरीचं लगन झालं. त्या सरकारचे उपकार मी विसरलो नाई. पण ज्यानं जेवाले घातलं, त्याच्याच कोठीतले धान सरून राहिले, तं आपण दुसरं ताट मांगाव का?"

शकुनबाईने पाण्याचा लोटा आदळला.

दुसऱ्या दिवशी टिकाराम भंडाऱ्याच्या कचेरीत उभा राहिला. भय्याजी कारकुनाने त्याचे म्हणणे ऐकून चष्मा काढला. "पद बंद करायचा नमुना आमच्याकडे नाही. नवीन पदाचा आहे, वाढीव पदाचा आहे. त्यातला घेऊन जा."

"मले साहेबायलेच भेटू द्या."

मधुकरराव नावाचे साहेब नुकतेच बदलून आले होते. पद मागणारे रोज वीस येत; पद परत करणारा त्यांच्या नोकरीत पहिलाच. त्यांनी परीक्षा घेतल्यासारखे विचारले, "या एकशे दहा रुपयांनी राज्याची तूट भरून निघेल असे वाटते तुम्हाला? आणि ते तुमच्या शाळेलाही मिळायचे नाहीत. तो खर्चच वेगळ्या खात्याचा."

"भरून कायची निंघते जी? पण बोडीच्या पारीले, म्हंजे तलावाच्या बांधाले, खेकडे बिळं करतेत, ते तुमी पाहिले असन. एका बिळानं तलाव फुटत नाई अन् एक बुजवल्यानं वाचत नाई. तरी ज्याच्या वावराच्या धुऱ्यासमोर बीळ दिसलं, त्यानं ते बुजवाव का नाई? मले माह्यं दिसलं."

मधुकररावांनी कोरा कागद ओढला, स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला आणि टिकारामची सही घेतली. मग भय्याजींना हाक मारून जिल्ह्यात पूल झालेल्या साऱ्या घाटांची यादी मागितली. यादीत अकरा घाट निघाले. अकरा नावाडी, अकरा डबे डांबर, आणि उतारू एकही नाही! आपल्या तुटीचा उगम मोठमोठ्या योजनांत शोधणाऱ्या विद्वानांनी ती यादी एकदा डोळ्यांखालून घालायला हवी होती.

एक एप्रिल १९८३ पासून अकराही घाट बंद झाले. टिकारामला त्याची किंमत मोजावी लागली. जावई बायकोला घेऊन निघून गेला आणि पुढे वर्षभर सासऱ्याशी बोलला नाही. टिकाराम जाळे टाकू लागला. मासळी मिळेल त्या दिवशी खायचे, न मिळेल त्या दिवशी शकुनबाईचे ऐकायचे. पण गुरुजींनी तुटीची बातमी वाचली, तेव्हा त्याची मान पहिल्यांदाच वर होती. हक्काच्या नावाखाली सारेच ओरबाडत असताना हा एक माणूस पोटभर जेवलो म्हणून पानावरून उठला, याबद्दल जिल्ह्याने त्याचे ऋण मानावे तितके थोडेच.

दिवाळीनंतर धान निघाले तेव्हा तो मासळीच्या बदल्यात मिळालेला पायलीभर चिन्नोर तांदूळ धोतराच्या फडक्यात बांधून कचेरीत गेला. भय्याजी लगबगीने आडवे आले. "टिकाराम, आता काही होणार नाही. आदेश कधीचा निघाला."

"म्हणूनच आता आणला जी," टिकाराम म्हणाला. "आधी आणला असता तं लाच झाली असती. इतके वर्षं तुमी मले जेवाले घातलं. आज माह्याकडचं खा."

मधुकरराव खुर्चीवरून उठले आणि त्यांनी ते गाठोडे दोन्ही हातांनी घेतले.